गावानं गिळायची गोळी

हत्तीरोगाचा जंतू अंगात असलेल्या माणसाचं रक्त भरदुपारी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. त्याच माणसाच्या बोटातून रात्री अकराच्या सुमारास दोन-तीन थेंब घेतले, की काचपट्टीवर वळवळणाऱ्या बारीक अळ्या सापडतात. जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे हे जीव दिवसभर फुप्फुसांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्र चढली की अंगभर पसरतात. कारण त्यांना पुढच्या माणसाकडे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. १८८१ मध्ये लंडनच्या स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाला दिवसा झोपवलं, रात्री जागवलं. काही दिवसांत जंतूंनीही आपली वेळ उलटी करून घेतली! त्यांचं घड्याळ बाहेरच्या अंधारावर नाही, आपल्या झोपेवर चालतं.

भंडारा हा महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. म्हणून इथे रक्ततपासणी रात्री करावी लागते. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या धानाच्या गावात माणसं दिवसभराच्या कामानं थकून लवकर अंथरुणाला पाठ टेकतात. नेमक्या त्या वेळी दार वाजतं आणि काहीच दुखत नसलेल्या माणसाला बोट पुढे करायला सांगितलं जातं. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या गावातून असे सुमारे ३०० नमुने लागतात. गावानं दार उघडलं नाही, तर जगातला उत्तमातला उत्तम सूक्ष्मदर्शकही आंधळा. या रोगाबद्दल वाचताना मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते: त्याची प्रत्येक किल्ली दवाखान्याबाहेर, लोकांच्या हातात आहे.

आधी डासाकडे पाहू. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी हत्तीरोगाचे जंतू रक्तात असलेल्या आपल्या माळ्याला डास चावू दिले आणि त्या डासांच्या अंगात जंतू वाढताना पाहिले. माणसाचा रोग कीटकामार्फत फिरू शकतो, याचा हा पहिला पुरावा. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासात मलेरियाचा जंतू दिसला, तो त्यानंतर वीस वर्षांनी.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. त्यामुळे संशय आधी तलावांवर आणि पाणी साचलेल्या बांधीवर जातो. पण क्युलेक्सला आवडतं ते घाण पाणी: मोरीमागचं डबकं, तुंबलेली नाली, शौचालयाची टाकी. हत्तीरोगाचा डास बहुतेक वेळा आपल्याच परसात जन्मलेला असतो. टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधणं, नाली वाहती ठेवणं, सांडपाणी शोषखड्ड्यात जिरवणं ही सगळी घरच्या माणसांनी करायची कामं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे खोदून उघड्या गटारांना निरोप दिला आणि डासमुक्तीसाठी नाव कमावलं.

आता जंतूची एक कमजोरी. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात हजारोंनी वाढतो. हत्तीरोगाचा जंतू डासात वाढतो तो फक्त आकारानं. एक अळी शिरली, तर फार तर एकच अळी तयार होते, आणि त्यालाही दहा-बारा दिवस लागतात. तोवर डास जगला पाहिजे. पुढे ती अळी माणसाच्या रक्तात थेट टोचलीही जात नाही. डास चावत असताना ती त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून स्वतः आत शिरते. एवढ्या अडथळ्यांमुळे एखाद्याला हा रोग जडायला जंतू वाहणाऱ्या डासांचे शेकडो, हजारो चावे लागतात. एकदा आत गेलेला जंतू मात्र चिवट. त्याची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक. ती लसीकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षं जगते आणि त्या काळात लाखो पिल्लं रक्तात सोडते. वाहिन्या हळूहळू निकामी होतात. पाय सुजतो, पुरुषांत अंडवृद्धी होते, पण हे सगळं अनेकदा कित्येक वर्षांनी. मधल्या काळात तो माणूस धडधाकट दिसतो, रोवणी करतो, बाजारहाट करतो आणि रात्री त्याच्या रक्तातून डासांना जंतू मिळत राहतात.

म्हणून उपाय उलटा आहे. पाय सुजलेल्यालाच नव्हे, गावातल्या जवळजवळ सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यायचं. पुरेशा लोकांच्या रक्तातून पिल्लं नाहीशी झाली, की डासाला न्यायला काही उरत नाही. दर फेरीला एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळाव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. भारतात ही सामूहिक मोहीम २००४ पासून चालू आहे. आधी डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधं होती. विदर्भात तिसऱ्याची, म्हणजे आयव्हरमेक्टिनची, जोड २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून मिळाली. या तिसऱ्या औषधाचं मूळ जपानमध्ये. सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या गोल्फ मैदानालगतची माती उचलली आणि तीत त्यांना एक सूक्ष्मजीव सापडला. विल्यम कॅम्पबेल यांनी त्यापासून औषधापर्यंतची वाट काढली. २०१५ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. त्या मुठीभर मातीतून निघालेलं औषध आज आशा कार्यकर्तीच्या, म्हणजे गावच्या आशाताईच्या, पिशवीतून विदर्भातल्या ओसरीवर पोचतं, याचा आनंद मला लपवता येत नाही.

आशाताईकडे उंची मोजायची पट्टीही असते. आयव्हरमेक्टिनचा डोस वजनावर ठरतो, पण घरोघर वजनकाटा नेणं अवघड, म्हणून उंचीवरून अंदाज. उंचपुऱ्या माणसाच्या हातावर तिन्ही मिळून आठ गोळ्या येतात. उपाशीपोटी त्या घ्यायच्या नाहीत. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना वगळतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. बाकीच्यांनी तिच्यासमोरच गिळायच्या, कारण ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून ठेवलेल्या गोळ्या बऱ्याचदा फळीवरच राहतात.

आणि खरी लढाई इथेच होते. ‘मी त चांगला आहो, मले कायले गोळ्या?’ हा प्रश्न वावगा नाही. निरोगी माणसानं औषध का घ्यावं, हे समजावून सांगणं आरोग्य खात्याचं कर्तव्यच आहे. गोळ्यांनंतर कुणाला ताप आला, डोकं दुखलं, मळमळलं, की गावभर बोलवा होते. अनेकदा तो त्रास रक्तात एकदम मेलेल्या जंतूंमुळे होतो आणि लवकर ओसरतो. पण हे आधी सांगितलेलं असेल, तरच धीर धरला जातो. असं काही पोस्टरपेक्षा ओळखीच्या तोंडून जास्त पटतं. सरपंच, बचत गटाच्या बाया, शिक्षक यांनी सगळ्यांदेखत आधी गोळ्या गिळल्या, की निम्मा वाद मिटतो. दर वर्षी नकार देणारी थोडी घरंही जंतूला पुरतात. त्यांच्याकडे रागानं नाही, पुन्हा पुन्हा मायेनं जावं लागतं.

ज्यांचा पाय आधीच सुजलाय, त्यांची सूज या गोळ्यांनी उतरत नाही. त्यांचं औषध म्हणजे रोज साबणानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, भेगांना मलम लावणं आणि बसताना पाय उंच ठेवणं. एवढ्यानं वारंवार येणारा ताप आणि ठणका बराच कमी होतो. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे. हे घरच्यांना माहीत असेल, तर त्या माणसाचं लपूनछपून जगणं थांबू शकतं.

श्रीलंकेनं २०१६ मध्ये आणि बांगलादेशानं २०२३ मध्ये हत्तीरोगाला सार्वजनिक आरोग्याच्या समस्यांच्या यादीतून काढलं. भारतानं २०२७ चं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते गाठलं की नाही, याची परीक्षा शाळेत होते. सहा-सात वर्षांच्या, पहिली-दुसरीतल्या मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन एका छोट्या पट्टीवर टाकतात. ही चाचणी दिवसाही चालते, कारण ती अळ्या शोधत नाही, प्रौढ जंतूनं रक्तात सोडलेला अंश शोधते. मुलंच का? कारण ती मोहीम चालू असताना जन्मली आणि वाढली. त्यांच्या अंगात जंतू मिळाला, तर तो अलीकडच्या चाव्यांतून आलेला असणार, म्हणजे साखळी अजून शाबूत आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मुलांत तो निघाला, तर आशाताईला पिशवी घेऊन पुन्हा घरोघर फिरावं लागतं. कमी निघाला, तर गोळ्या थांबतात आणि काही वर्षांच्या अंतरानं हीच चाचणी नव्या पहिली-दुसरीच्या मुलांवर आणखी दोनदा होते.