दम आणि हाड : शर्यतीकडे परतणाऱ्या धावपटूच्या सरावाचा क्रम

लांब पल्ल्याच्या धावपटूच्या आयुष्यात सरावातील खंड हा अपवाद नसून नियमच होय. दुखापत, ताप, परीक्षा, बदली, बाळंतपण, घरातील आजारपण अशा काही ना काही निमित्ताने धावणे दोन-चार महिने थांबते. आणि पुन्हा बूट चढविण्याची वेळ येते तेव्हा त्याच्यापुढे नवशिक्यापेक्षा अगदी निराळा प्रश्न उभा राहतो. नवशिक्याला आपली शक्ती ठाऊक नसते. परतणाऱ्याला ती ठाऊक असते, परंतु ती गेल्या वर्षीची असते. शर्यतीकडे परतण्याच्या प्रयत्नात पुन्हा जायबंदी होणाऱ्यांची कथा बहुधा याच विसंगतीतून सुरू होते. अंतर आणि वेग ही दोन्ही पुन्हा कोणत्या क्रमाने व कोणत्या गतीने वाढवावीत, हा म्हणूनच केवळ क्रीडाशिक्षकाच्या सोयीचा प्रश्न नाही.

मराठी भाषेने धावण्याच्या शक्तीचे मोजमाप श्वासावरून केलेले आहे. माणसाला दम लागतो, तो दम खातो, दम धरतो, त्याची दमछाक होते, तो बेदम होतो. टिकणारा तो दमदार. श्वास या अर्थाचा फारसी ‘दम’ आणि निग्रह या अर्थाचा संस्कृत ‘दम’ हे दोन शब्द मराठीत इतके जवळ आलेले आहेत की ‘दम धरणे’ यात नेमका कोणता हे सांगणे कठीण व्हावे. हाडाविषयीचे वाक्प्रचार मात्र निराळ्या काळाचे आहेत. हाडाची काडे होतात ती जन्मभराच्या कष्टांनी; ‘हाडाचा शेतकरी’ एका हंगामात होत नाही; हाडीमासी खिळलेली सवय सहजासहजी सुटत नाही. दम क्षणांत मोजला जातो आणि हाड वर्षांत. भाषेतील हा भेद शरीरशास्त्राने काटेकोरपणे तपासलेला नसला, तरी प्रस्तुत विषयाचे सूत्र त्यात नेमके सापडते. परतणाऱ्या धावपटूचा दम लवकर परत येतो, हाड व कंडरा उशिरा. आणि ‘आता मी तयार आहे’ हा निर्णय तो दमाला विचारून घेतो.

खंडामुळे काय जाते, हे आधी पाहणे इष्ट होय. अमेरिकेतील डॅलस येथे 1966 साली बेंग्ट साल्तिन व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणास खिळवून ठेवले. तीव्र श्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटास जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते हे दमाचे शास्त्रीय माप मानले जाते. ते या वीस दिवसांत सरासरीने शेकडा सत्तावीस-अठ्ठावीस इतके घसरले. त्यानंतरच्या सरावात जे तिघे पूर्वी बैठे जीवन जगत होते ते थोड्याच दिवसांत आपल्या मूळ पातळीवर पोहोचले. पूर्वीपासून व्यायाम करणाऱ्या दोघांना मात्र बराच अधिक काळ लागला. तयारीचा माणूस लवकर सावरतो या समजुतीला येथे मुरड घालावी लागते. त्याला चढावयाचा जिनाच मुळी अधिक उंच असतो. (तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे आढळले की वीस दिवसांच्या अंथरुणाने त्यांच्या क्षमतेची जितकी हानी केली होती, तितकी तीस वर्षांच्या वयोमानाने केलेली नव्हती.)

अर्थात सराव थांबविणे म्हणजे अंथरुण धरणे नव्हे. एडवर्ड कॉइल व सहकाऱ्यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. दीर्घकाळ कसून सराव केलेल्या सात व्यक्तींनी सराव पूर्णपणे थांबविला. पहिल्या 21 दिवसांत त्यांचे प्राणवायुग्रहण शेकडा 7 ने उतरले, आणि 56 दिवसांनंतर ते मूळ पातळीपेक्षा शेकडा 16 ने खाली स्थिरावले. हृदयाच्या एका ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त अगदी आरंभीच घटले. परंतु स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे 84 दिवसांनंतरही बैठ्या माणसांच्या दीडपट राहिले होते, आणि प्राणवायू वापरणारी स्नायूंतील काही एंझाइमे घटूनही तितकीच वरचढ होती. सारांश, खंडानंतर सर्व काही जात नाही. वर्षानुवर्षे जमविलेले भांडवल बरेचसे शिल्लक असते. जाते ते मुख्यतः रक्ताचे आकारमान आणि हृदयाची भरण.

दमाची फसवणूक नेमकी येथे सुरू होते. सराव पुन्हा सुरू होताच रक्तद्रवाचे प्रमाण अवघ्या काही दिवसांत वाढू लागते. हृदयात अधिक रक्त येते, ठोका भरदार होतो, नाडी उतरते. पहिल्या आठवड्यात जी टेकडी चढताना बोलणे अशक्य होते ती तिसऱ्या आठवड्यात गप्पा मारीत चढता येते. धावपटूला वाटते की आपण परत आलो.

पायांचे म्हणणे वेगळे असते. धावताना दर किलोमीटरला सुमारे हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक शरीरभाराच्या दुप्पट-तिप्पट बल जमिनीकडून पायाला मिळते. टाचेमागील कंडरेवर तर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. हाड या ताणाला उत्तर देते ते आधी स्वतःचा जुना भाग झिजवून आणि मग तेथे नवा भाग घालून. झिजविण्याचे काम काही आठवड्यांत उरकते. भरण्याचे व नवे हाड कठीण होण्याचे काम महिने घेते. त्यामुळे भार वाढविल्यानंतर काही आठवड्यांनी हाड पूर्वीपेक्षा बळकट नव्हे, तर काही ठिकाणी दुबळे झालेले असते. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्तीसाठी उकरली असता मधले काही दिवस ती जितकी धोक्याची असते, तसाच हा प्रकार. आणि हे दिवस नेमके तेच असतात की ज्या दिवसांत दम परत आल्याचा आनंद होत असतो.

या दुखापतीची पहिली नोंद धावपटूंची नाही, सैनिकांची आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. त्यानंतरच या दुखण्यामागे पावलाच्या हाडातील बारीक भंग असतो हे दिसून आले. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव आजही चालते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की असा शिपाई कूच करू शकत होता; दमाने तो कमी पडला नव्हता.

कंडरेचे प्रकरण याहूनही चमत्कारिक आहे. 1950 च्या दशकात व 1960 च्या दशकाच्या आरंभी झालेल्या अण्वस्त्रचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-14 चे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर उतरत गेले. हा चढउतार कालमापक म्हणून वापरून डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 साली असे दाखविले की टाचेमागील कंडरेचा गाभा वाढीच्या वयात एकदा घडला की पुढे त्याचे जवळजवळ नूतनीकरण होत नाही. म्हणजे तीस-चाळीस वर्षांचा धावपटू सतराव्या-अठराव्या वर्षी घडलेल्या दोरीवर धावत असतो. ही दोरी सरावाने ताठ व कणखर होते, परंतु ते महिन्यांच्या हिशेबाने. आणि एकदा उसवली की ती स्नायूसारखी भरून येत नाही.

मग अंतर वाढवावे किती? मैदानावर सर्वत्र सांगितला जाणारा नियम असा की आठवड्याचे मायलेज मागील आठवड्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये. नियम सुटसुटीत आहे, म्हणूनच टिकला असावा. त्याचा हिशेब मात्र चक्रवाढ व्याजाचा आहे. पहिल्या आठवड्यास 20 किलोमीटर धरले तर बाराव्या आठवड्यास 57 होतात. आरंभीची वाढ दोन किलोमीटरांची, शेवटची पाचांहून अधिक. नेदरलँड्समध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवशिक्या धावपटूंच्या एका गटाला 13 आठवड्यांचा संथ चढाचा कार्यक्रम दिला व दुसऱ्याला 8 आठवड्यांचा नेहमीचा. दुखापतींचे प्रमाण पहिल्यात शेकडा 20.8 आणि दुसऱ्यात 20.3 निघाले. नियमाचा असा पराभव पाहून कोणी तो सोडून द्यावा असे नाही. परंतु तो चुकीच्या ठिकाणी लावला जात असावा असा संशय येतो. 2025 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आलेल्या, 5,200 हून अधिक धावपटूंच्या अभ्यासाने या संशयाला पुष्टी दिली. आठवड्याच्या बेरजेचा दुखापतीशी अपेक्षित संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो एकाच धावेचा. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा शेकडा 10 ते 30 ने लांब पळणाऱ्यांत दुखापतीचा दर शेकडा 64 ने अधिक होता, आणि दुपटीहून अधिक अंतर एकदम पळणाऱ्यांत तो दुपटीच्याही पुढे गेला. हाड आठवड्याची बेरीज करीत नाही. त्या दिवशीची पावले सोसते.

परतणाऱ्याला याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. खंडापूर्वी तो रविवारी 20 किलोमीटर सहज पळत असला, तरी ‘मागील तीस दिवस’ या हिशेबात ते 20 मोजलेच जात नाहीत. तीन महिन्यांच्या खंडानंतर 5 किलोमीटर, आणि तेही चालणे-पळणे आलटूनपालटून, हाच त्याचा आरंभबिंदू. पूर्वी आठवड्यास 60 किलोमीटर करणाऱ्याने चार दिवसांत मिळून 20 पासून सुरुवात करावी, दर चौथ्या आठवड्यास हात आखडता घ्यावा, आणि पूर्वीच्या आकड्यापर्यंत पोहोचावयास चार महिने धरावेत. वाढ करावयाची ती शक्यतो धावण्याचे दिवस वाढवून. एका दिवसावर बोजा टाकून नव्हे.

वेगाचे काय? न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे जोडे बनविण्याच्या धंद्यात असलेल्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने याचे उत्तर ठामपणे दिले होते: आधी अंतर, मग चढ, मग वेग. पीटर स्नेल हा त्याचा शिष्य मुख्यतः 800 मीटरांचा. तरीही लिडियार्डने त्याच्याकडून आठवड्यास 100 मैलांच्या आसपास धावून घेतले. रोम येथे 1960 साली स्नेलने 800 मीटरांचे सुवर्णपदक मिळविले. 1961 च्या डिसेंबरात तो चक्क मॅरेथॉन धावला. आणि 27 जानेवारी 1962 रोजी वांगानुई येथे गवताच्या धावपट्टीवर एक मैल 3 मिनिटे 54.4 सेकंदांत धावून त्याने जागतिक विक्रम केला. आठवड्याभराने क्राइस्टचर्च येथे 800 मीटरांचा विक्रमही 1 मिनिट 44.3 सेकंदांवर आणला. पुढे स्नेल स्वतः शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट घेऊन डॅलस येथे संशोधक झाला, आणि आपल्याच यशाचे कारण शोधू लागला. त्याचे म्हणणे असे की लांब धावेच्या उत्तरार्धात मंद स्नायुतंतूंतील ग्लायकोजेन संपत आले म्हणजे शीघ्र तंतूंना कामास यावे लागते. म्हणजे संथ धावही एका मर्यादेनंतर वेगाच्या तंतूंची तालीम ठरते.

लिडियार्डचा क्रम परतणाऱ्यास दुहेरी उपयोगी पडतो. एक तर वेगाने दर पावलाचा भार वाढतो, म्हणून अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढविणे टाळता येते. दुसरे म्हणजे, हाडाला हवे असलेले महिने त्यात आपोआप मिळतात. तथापि वेग अगदीच विसरणेही बरे नव्हे. दुसऱ्या महिन्यापासून संथ धावेच्या शेवटी 80-100 मीटरांच्या चार-सहा मोकळ्या झेपा घ्याव्यात. त्यांत धाप लागू नये इतकेच पाहावे. त्यानंतर स्वीडनच्या योस्टा होल्मेर याच्या नावाशी निगडित ‘फार्टलेक’ ही पद्धत सोयीची. स्वीडिश भाषेत ‘फार्ट’ म्हणजे वेग आणि ‘लेक’ म्हणजे खेळ. या वेगाच्या खेळात घड्याळाचा अंमल नसतो. त्या झाडापर्यंत जोरात, ओढ्यापर्यंत सावकाश, असा हा प्रकार. पाऊलवाट, माती आणि चढउतार यांमुळे प्रत्येक पाऊल वेगळे पडते, हाही लाभच. धावपट्टीवरील 400 मीटरांच्या मोजलेल्या फेऱ्या सर्वांत शेवटी.

या क्रमाला अपवाद म्हणून जोन बेनॉइट हिचे नाव नेहमी पुढे केले जाते. 25 एप्रिल 1984 रोजी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, 17 दिवसांनी तिने ऑलिंपिकची निवड-मॅरेथॉन जिंकली, आणि 5 ऑगस्ट रोजी लॉस एंजेलिस येथे स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन 2 तास 24 मिनिटे 52 सेकंदांत जिंकली. परंतु तिचा खंड दिवसांचा होता, महिन्यांचा नव्हे. पाय टेकता येत नव्हते त्या दिवसांत तिने हातांनी फिरवावयाच्या सायकलीवर हृदयाला कामास लावले होते. आणि इतके असूनही, घाईने पुन्हा धावू लागताच दुखऱ्या पायाला जपण्याच्या नादात तिच्या दुसऱ्या पायाच्या मांडीमागील स्नायू दुखावला होता. दम राखणे तिला साधले होते. पायांनी आपला हिशेब तिच्याकडूनही मागितलाच.

राहता राहिली शर्यतीपूर्वीची दोन आठवडे. चार महिने जपून वाढविलेले अंतर आता कमी करावे म्हटले की परतलेला धावपटू हटकून कचरतो. पुन्हा खंड पडतो की काय अशी धास्ती त्याला वाटते. रॉबर्ट हिक्सन याने 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेले प्रयोग येथे आश्वासक आहेत. आठवड्यास सहा दिवस कसून सराव करणाऱ्यांनी तो चार किंवा दोन दिवसांवर आणला, तरी प्राणवायुग्रहणाची पातळी 15 आठवडे टिकून राहिली. अट एवढीच की उरलेल्या दिवसांतील सरावाची तीव्रता पूर्वीइतकीच असावी. तेव्हा या दोन आठवड्यांत किलोमीटर निम्म्यावर आणावेत, झेपा तशाच ठेवाव्यात. आणि पहिली शर्यत मॅरेथॉनची न घेता 5 किंवा 10 किलोमीटरची घ्यावी.