ऑपरेशनच्या आधीची वर्षं

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. कसलं, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा आहे. त्याच पाहणीत नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. देशभराचं चित्र घेतलं तर तांबी वापरणाऱ्या जेमतेम दोन टक्के आणि रोजच्या गोळ्या घेणाऱ्या पाच टक्के. म्हणजे संसाराचा शिरस्ता ठरलेला: लग्न, लगेच पहिलं मूल, मग दुसरं, की पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. त्याआधीची वर्षं निरोधावर, तारखांच्या हिशेबावर किंवा ‘हे सांभाळून घेतात’ या भरवशावर काढायची.

याच राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. १९२७ पासून १९५३ पर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले. विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३८ मध्ये आंबेडकरांच्याच स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तो मोठ्या फरकाने पडला. कर्व्यांच्या लेखी हा विषय बाईच्या शरीराचा आणि सुखाचा होता. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो लोकसंख्येचा झाला. लोकसंख्येच्या हिशेबात एकदाच करून मोकळं होण्याचं साधन सगळ्यात सोयीचं. एखाद्या बाईला पुढची तीन वर्षं कशी काढायचीत, याची त्या हिशेबात नोंद नसते. ‘सगळ्यात चांगलं साधन कोणतं’ हा प्रश्न म्हणूनच मला फारसा कामाचा वाटत नाही. मूल नको आहे ते किती काळ, दिवस राहिलेच तर किती अडचण होईल, पाळीतला कोणता बदल चालेल आणि लक्षात ठेवण्याचं काम कोण करणार, हे ठरलं की निम्मी निवड झालेली असते.

आकड्यांचा एक घोळ आधी निस्तरला पाहिजे. गोळीच्या पाकिटावरचा ९९ टक्के खात्रीचा दावा खोटा नसतो, पण तो एकही गोळी न चुकवणाऱ्या बाईचा असतो. प्रत्यक्षात गोळी घेणाऱ्या शंभर जणींपैकी वर्षभरात सुमारे सात जणींना दिवस जातात. निरोध प्रत्येक वेळी नीट वापरला तर दोघींना, लोक वापरतात तसा वापरला तर तेरा जणींना. बाहेर वीर्यपतन करण्याच्या पद्धतीत वीस. तांबीत मात्र एकीहूनही कमी, कारण तिच्यात विसरण्यासारखं काही उरतच नाही. काहीच न वापरता वर्ष काढलं तर शंभरात पंचाऐंशी. तेव्हा साधनाची ताकद जितकी औषधात असते तितकीच ते वापरणाऱ्याच्या दिनक्रमात असते.

नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला सासर-माहेर दोन्हीकडून एक ताकीद मिळते: पहिलं मूल होईपर्यंत काही घेऊ नका, नाहीतर पुढे होणारच नाही. याला आधार नाही. गोळी थांबवली किंवा तांबी काढली की बीज धरण्याची क्षमता लगेच परतते. उशीर होतो तो एकाच साधनात, इंजेक्शनमध्ये. तेव्हा वर्षभरात मूल हवं असेल तर ते टाळावं; बाकी दारं उघडी आहेत.

या टप्प्यावर निरोध आणि गोळी हीच नेहमीची निवड. निरोधाचा एक गुण दुसऱ्या कुठल्या साधनात नाही: तो एचआयव्हीपासून आणि बऱ्याच गुप्तरोगांपासूनही वाचवतो. दुसरं काही वापरत असलात तरी या कारणासाठी तो लागू शकतो. फक्त त्याच्यासोबत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको. तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं.

सरकारी केंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. एकवीस संप्रेरकांच्या, शेवटच्या सात लोहाच्या. त्या सात निव्वळ सवय मोडू नये म्हणून आहेत, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या, तेव्हा लोह वाया जात नाही. गोळीने पाळीतलं दुखणं आणि रक्तस्राव कमी होतो, बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर पुढे सात दिवस निरोध लागतो. मात्र पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी, रक्तदाब वाढलेली, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली, डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा दिसणारी, अशा बाईने ही गोळी घेऊ नये. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं गोळीचा परिणाम बोथट करतात. क्षयाची औषधं घेणाऱ्या किती तरुण बायकांना हे सांगितलं जात असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. दुकानदार तर विचारतच नाही.

रोजची आठवण जमत नसेल तर ‘छाया’ आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी आधी ‘सहेली’ नावाने बाजारात आली, २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, मग एकाच वारी. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे मळमळ सहसा नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी लांबते, हे आधीच माहीत असलेलं बरं. बीजकोशात गाठींचा त्रास असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर ती नको.

तातडीच्या गोळीबद्दल थोडक्यात. निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी परिणामकारक. ती गर्भपाताची गोळी नाही. गर्भ राहिला असेल तर तिचा त्यावर परिणाम होत नाही. त्याच अडचणीत पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा जास्त खात्रीची, शिवाय पुढची वर्षंही सुटतात. दर महिन्याला तातडीची गोळी लागत असेल तर दुसरं साधन शोधायची वेळ झालेली असते.

खरी परवड दोन मुलांच्या मधल्या काळात होते. अंगावर पाजतेय तोवर काही होत नाही, हा आजीचा सल्ला अर्धा खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईचं दूध आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही अटी पाळल्या तर हे चांगलं साधन आहे. एक अट सुटली की संपलं. आणि पाळी येण्याआधी बीज सुटतं, म्हणून ‘पाळीच आली नव्हती आणि दिवस गेले’ हे घराघरांत ऐकू येतं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत इस्ट्रोजेनवाली माला-एनही नको.

‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. घरात पाकीट सापडायची भीती असणाऱ्या बाईला ते सोयीचं, कारण ते कुणाला दिसत नाही. पाळी आधी अनियमित होते, पुढे बऱ्याच जणींची बंदच होते. हे अपेक्षित आहे, ‘रक्त आत साचतं’ असं काही नसतं. वजन वाढू शकतं, हाडांची घनता थोडी उतरते आणि थांबवल्यावर बव्हंशी भरून येते. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. इंजेक्शनांना आपल्याकडच्या स्त्री संघटनांनी १९८० च्या दशकात कडाडून विरोध केला. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध त्या १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा आक्षेप औषधाइतकाच ते कसं दिलं जाईल यावरही होता. बाईला न सांगता टोचलं गेलं, तर तीन महिने ते अंगातून काढता येत नाही. औषध म्हणून ‘अंतरा’ वाईट नाही, पण तो आक्षेप मला आजही खोडता येत नाही. ‘पाळी बिघडेल’ हे न सांगता दिलेलं इंजेक्शन दुसऱ्या खेपेला बाई घेत नाही, आणि मग पुढे कशावरच तिचा विश्वास बसत नाही.

तांबीबद्दल जितक्या अफवा आहेत तितक्या कशाबद्दल नसतील. ती काळजापर्यंत चढते, नवऱ्याला टोचते, गर्भपिशवी सडवते. तांबी शरीरात फिरत नाही. बसवताना गर्भाशयाला छिद्र पडण्याचा प्रकार दुर्मीळ, पहिल्या काही महिन्यांत ती निसटून पडण्याची शक्यता त्याहून जास्त. म्हणून दोरा तपासायला शिकवतात. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, गर्भ धरण्याआधीच काम होतं. ३८०-ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ प्रकारची पाच वर्षं, आणि हवी तेव्हा काढता येते. खरी अडचण रक्तस्रावाची आहे: पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोटात कळा येतात. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईला हे न सांगता तांबी बसवणं बरोबर नाही. तिच्यासाठी संप्रेरक सोडणारी तांबी असते. तिने रक्तस्राव इतका उतरतो की चाळिशीत अतिरक्तस्रावासाठी उपचार म्हणूनच ती बसवतात. कित्येकींची गर्भपिशवी काढायची वेळ त्यामुळे टळते. खासगीत तिला काही हजार पडतात.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा मग सहा आठवड्यांनी तांबी बसवता येते. आधीचा पर्याय सोयीचा, परत खेप नको. पण कळा चालू असताना टेबलावर विचारलेल्या प्रश्नाला दिलेल्या होकाराला मी होकार म्हणणार नाही. ते बोलणं सातव्या महिन्याच्या तपासणीत, नवरा-बायको दोघांसमोर व्हायला हवं.

आणि शेवटी ऑपरेशन. आता मूल नकोच, हे पक्कं ठरल्यावर कुणी करायचं? बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं किंवा दुर्बीण घालावी लागते, भूल लागते. तरी दोनशेत एकीला पुढे वर्षभरात दिवस राहतात. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागेवरच भूल देऊन दहा-पंधरा मिनिटांत होते आणि फसण्याचं प्रमाण त्याहून कमी. ताकद, इच्छा, वीर्याचं प्रमाण यात फरक पडत नाही, कारण संप्रेरकं रक्तातून जातात, नसबंदीत कापलेल्या नळीतून नाही. फक्त लगेच परिणाम होत नाही: तीन महिने निरोध, मग वीर्याची तपासणी, त्यानंतर मोकळीक.

पुरुष असे मागे का, याचं एक उत्तर आणीबाणीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बासष्ट लाखांच्या आसपास पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. त्यानंतर सगळा भार बायकांच्या शिबिरांवर आला. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरांनंतर तेराहून जास्त बायका दगावल्या आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांची पद्धतच बंद करायला सांगितली. पन्नास वर्षांपूर्वीची सक्ती हे आजच्या तिशीतल्या पुरुषाला न विचारण्याचं कारण मात्र होऊ शकत नाही. सरकारी नियमांनुसार स्त्रीला २२ ते ४९ वयात आणि किमान एक मूल वर्षाहून मोठं असताना हे ऑपरेशन करता येतं, त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. ते कायमचंच समजावं. पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

कोणतंही साधन फसू शकतं आणि कायद्याने हे गृहीत धरलेलं आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला. साधन निकामी ठरल्याचं कारण त्यात पूर्वी फक्त विवाहितेला लागू होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते लग्न न झालेल्या स्त्रीलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी असते. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लागते.