दुखणं रुपयात किती आणे?

‘किती दुखतं?’ असं विचारलं की ओपीडीतले बहुतेक जण ‘खूप’ म्हणतात. ‘शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य, मग तुमचं किती?’ असं विचारलं तर काही जण बिनदिक्कत अकरा सांगतात. पण ‘रुपयात किती आणे?’ असं विचारलं की साठी ओलांडलेल्या मावशी क्षणभर विचार करतात आणि ‘बारा आणे तरी धरा’ म्हणतात. आणे बंद होऊन किती वर्षं झाली, तरी ही मोजपट्टी आमच्याकडे अजून चालते.

वेदनेला थर्मामीटर नाही. एक्स-रेत गुडघा पार झिजलेला दिसतो, तो माणूस जिना आरामात चढतो. आणि फोटोत फारसं काही नसलेली बाई रात्रभर जागी असते. म्हणून रुग्ण सांगेल तो आकडा हाच खरा मानायचा. आकड्याइतकाच शब्दही महत्त्वाचा. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ शब्दांची २० गटांत मांडणी करून एक प्रश्नावली तयार केली. आपली मराठी या बाबतीत मुळीच गरीब नाही. पोटात कळ येते, गळू ठसठसतं, पाठीत चमक भरते, काटा सलतो, दाढ ठणकते. ‘पायाची आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं’ असं कुणी म्हणालं की मी सांध्यापेक्षा नसेचा विचार आधी करतो आणि साखर तपासायला सांगतो.

हे मोजमाप सर्वांत जास्त कामाला येतं ते उपचाराचा गुण आला की नाही हे ठरवताना. सध्या वारंवार येणारा प्रश्न आहे, ‘डॉक्टर, अ‍ॅक्युपंक्चर करून घेऊ का?’ महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे आणि सुया टोचून घेणारे लोकही बरेच आहेत. ‘शेजारच्यांना फरक पडला’ एवढ्यावर अनेक जण पैसे भरतात. शेजाऱ्यांना खरंच बरं वाटलं असेल. ते सुयांमुळेच वाटलं का, हा वेगळा प्रश्न आहे.

कंबरदुखी, गुडघेदुखी यांना भरती-ओहोटी असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या वेळी. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी दुखणं थोडं उतरतंच. त्यात आपला मराठी भिडस्तपणा! दहा बैठकांचे पैसे दिलेले असतात, समोर डॉक्टर आस्थेनं विचारत असतात. ‘नाही हो, काही फरक नाही’ असं तोंडावर कोण म्हणणार? ‘बरंय, चार आणे फरक आहे’ असं म्हणून मंडळी उठतात, आणि उठताना खुर्चीचा हात घट्ट धरतात. मी त्या हाताकडे बघतो.

यातून वाट काढायची तर तुलना हवी, आणि इथेच अ‍ॅक्युपंक्चरच्या अभ्यासकांची पंचाईत होते. गोळीसारखी दिसणारी साखरेची गोळी करता येते. खोटी सुई कशी करायची? जर्मनीत १९९८ मध्ये नाटकातल्या खंजिरासारखी आत सरकणारी, बोथट टोकाची सुई तयार झाली. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, सुई मात्र कातडीत शिरत नाही. दुसरी युक्ती म्हणजे ठरलेले बिंदू टाळून, भलत्याच जागी वरवर सुई टोचायची.

ही दुसरी युक्ती वापरून जर्मनीतच कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला गुण आला होता. खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के, आणि औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के. समर्थक पहिला आणि तिसरा आकडा दाखवतात, विरोधक पहिला आणि दुसरा. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडीच. आणि मिळालेला फायदा वर्षभरानंतरही बराचसा टिकून होता.

माझं मत विचाराल तर गुण येतो, पण त्यातला मोठा वाटा नेमक्या बिंदूंचा नसावा. शांतपणे झोपवणं, स्पर्श, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं, आणि बरं वाटेल ही आशा, यांचा तो असावा. आमच्या गर्दीच्या ओपीडीत यातलं काहीच मिळत नाही, हेही कबूल करायला हवं. आशेनं कमी झालेली वेदना खोटी नसते. मात्र तिच्यासाठी किती खर्च करायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

म्हणून जुनाट गुडघेदुखी किंवा कंबरदुखीसाठी कुणी विचारलं तर मी नाही म्हणत नाही. एक वही करायला सांगतो. सुया सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज रात्री आकडा लिहायचा, दहापैकी किंवा आण्यांत, जसं जमेल तसं. सोबत तीन कामं लिहायची: किती पायऱ्या चढलो, मांडी घालून बसता आलं का, रात्री किती वेळा जाग आली. वेदनेच्या किती गोळ्या घेतल्या तेही. उपचार चालू असताना हेच लिहीत राहायचं, आणि मागचं पान न बघता. दहाच्या मोजपट्टीवर साधारण दोन अंकांची घट झाली तर ती कामाची. सातावरून साडेसहा झालं तर ते रोजच्या चढउतारातही होतं. सहा-आठ बैठकांत वही हलली नाही, तर पुढचं पॅकेज घेऊ नये.

काही दुखण्यांना मात्र वही नको, तपासणी हवी. कंबरदुखीबरोबर ताप, घटणारं वजन, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर आधी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई टोचणाऱ्याला आधीच सांगा. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय ना, ते बघा. सुई एकदाच वापरायची असते.