नातवाची तपासणी आणि साठ दिवस

मैत्रिणींनो, अमेरिकेतली लेक फोनवर सांगते, "आई, याला वाचन जमत नाही, शाळेतच तपासणी करू, असं बाई म्हणाल्या होत्या. दिवाळी गेली, अजून पत्ता नाही!" तिला एवढंच विचारा, "कागदावर सही केलीस का गं?"

कारण नुसत्या बोलण्यानं तिकडे मुदत सुरूच होत नाही. २००४ साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे, पालकांची लेखी संमती शाळेला मिळाल्यापासून ६० दिवसांत तपासणी पुरी व्हायला हवी, तीही विनामूल्य. मूल विशेष शिक्षणास पात्र ठरलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच्या शिक्षणाचा आराखडा ठरवायची बैठक. राज्याची स्वतःची मुदत असेल तर ती चालते. कॅलिफोर्नियात ६० च दिवस, पण उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी त्यात धरत नाहीत. म्हणजे सही लांबवली की गेलेच की हो महिने!

तेव्हा लेकीनं तपासणीची मागणी स्वतःच लेखी करावी, तारीख घालून, एक प्रत घरी ठेवून. संमतीचा कागद आला की वाचून लगेच परत द्यावा. शाळा नाही म्हणाली, तर तिला कारण लेखी द्यावं लागतं. मात्र ठरल्या दिवशी मुलाला वारंवार नेलंच नाही, तर शाळेवर मुदतीचं बंधन राहत नाही.

आणि घरी मराठीच बोलणारं मूल असेल, तर तेही आधीच लिहून कळवावं. शक्य असेल तिथं तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी, असं कायदाच सांगतो. कच्च्या इंग्रजीपायी पोर मंद ठरायला नको.