झाडाखालचा बाक आणि १४ आज्या : काय आहे झिंबाब्वेचा 'फ्रेंडशिप बेंच'?

रात्ररात्र झोप नाही, डोक्यात विचारांचं चक्र थांबत नाही. अशा वेळी तुम्ही कोणाशी बोलाल? आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न आडवा येतो. झिंबाब्वेत अडचण त्याहून मोठी होती. तिथे मानसोपचारतज्ज्ञच बोटांवर मोजण्याइतके होते.

सुरुवात कशी झाली?

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. हॉस्पिटलपर्यंत यायला तिच्याकडे बसभाड्याचे पैसे नव्हते. रुग्ण येऊ शकत नसेल, तर उपचारच वस्तीत न्यायला हवेत, हे त्यांच्या लक्षात आलं. २००६ मध्ये राजधानी हरारेमधल्या म्बारे वस्तीत त्यांनी काम सुरू केलं. ना डॉक्टर मिळाले, ना खोली. सोबत आल्या त्या वस्तीतच आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या. खोली नाही म्हणून बाक बाहेर मांडला.

नाव का बदललं?

आधी या बाकाला 'मानसिक आरोग्याचा बाक' म्हटलं जायचं. तिथे कोणी फिरकेना! मग आज्यांनीच सुचवलं, याला मैत्रीचा बाक म्हणा. लोक येऊन बसू लागले.

बाकावर नेमकं काय होतं?

आजी 'डिप्रेशन' हा शब्द वापरत नाहीत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे अति विचार करणं, हा सगळ्यांच्या ओळखीचा शब्द त्या वापरतात. १४ साधे प्रश्न विचारून त्रास किती आहे ते पाहतात आणि मग ऐकून घेतात.

समजा, घरभाडं थकलंय, घरात भांडणं आहेत, मूल आजारी आहे. आजी यावर उपदेश करत नाहीत. 'आधी यातलं कोणतं एक सोडवायचं?' असं विचारतात. उत्तर त्या माणसालाच शोधू देतात. अशा साधारण सहा भेटी होतात. पुढे एकमेकांना आधार देणारा गटही असतो.

खरंच फरक पडतो का?

२०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात हरारेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५७३ जण होते. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५० टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, तर बाकावर आलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं.

अर्थात, आजी डॉक्टरची जागा घेत नाहीत. आत्महत्येचे विचार किंवा गंभीर आजार दिसला, तर त्या रुग्णाला पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात.

आपल्याकडे असं काही आहे का?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या प्रकल्पात गावातल्याच स्वयंसेवकांना असं प्रशिक्षण दिलं गेलं. पुढे हे काम गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात पोहोचलं.

पारावर, ओट्यावर बसणाऱ्या आज्या आपल्याकडेही कमी नाहीत. पण नुसतं बसून भागत नाही. मध्येच न तोडता ऐकणं, ऐकलेलं गल्लीभर न करणं आणि कधी डॉक्टरकडे पाठवायचं हे ओळखणं, हे शिकावं लागतं. शिकता येतंही.

तुम्हाला किंवा जवळच्या कोणाला त्रास होत असेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर लावा. ही सेवा मोफत आहे.