नांदेड-लातूरच्या प्राध्यापकांचे काम आणि गुणांचा हिशोब

विद्यापीठीय अध्यापकाची कामगिरी जोखण्याचे काम गेल्या दीड दशकात बरेचसे आकड्यांच्या हाती गेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी किमान ७५ आणि प्राध्यापकपदासाठी किमान १२० संशोधन गुण लागतात. विज्ञान व अभियांत्रिकीतील एका शोधनिबंधाला ८, भाषा व सामाजिक शास्त्रांतील निबंधाला १० आणि संपूर्ण पुस्तकाच्या अनुवादाला ८ असा हा दर आहे. निबंधाचे लेखक दोघांहून अधिक असतील, तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाच्या पदरात ७० टक्के आणि इतर प्रत्येकाच्या पदरात ३० टक्के गुण पडतात. मनमानीला आळा बसावा या हेतूने आलेली ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ म्हणता येणार नाही. मात्र नांदेड आणि लातूर परिसरात झालेली काही भरीव कामे या रकान्यांत बसवू पाहिले, की मापच अपुरे पडते.

नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील काम याचे ठळक उदाहरण आहे. १९८१ साली सुरू झालेल्या या संस्थेत प्रा. मनेश कोकरे यांच्या मार्गदर्शनाखाली प्रसन्ना पोरवाल, समीक्षा पाचाडे आदी संशोधकांनी डोळ्यांच्या छायाचित्रांचा एक संच तयार केला आणि तो २०१८ साली जगभरातील संशोधकांसाठी खुला केला. ‘आयडीआरआयडी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या संचात मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाची ५१६ छायाचित्रे असून ती नांदेडमधील एका नेत्रचिकित्सालयात टिपलेली आहेत.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतला, प्रकाश ग्रहण करणारा पातळ पडदा. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की या पडद्यातील केशवाहिन्या कमकुवत होतात. त्यांच्या भिंतींना बारीक फुगवटे येतात, कोठे रक्त पाझरते, कोठे स्निग्धांशाचे पिवळे कण साचतात, तर कोठे रक्तपुरवठा तुटल्याने कापसासारखे पांढुरके डाग दिसू लागतात. रुग्णाला मात्र सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नजर मंदावल्याचे लक्षात येईपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. म्हणूनच मधुमेह्यांची दृष्टिपटल तपासणी नियमित व्हावी लागते, आणि नेत्रतज्ज्ञांची संख्या तोकडी असल्याने छायाचित्रांची पहिली चाळणी संगणकाने करावी, ही कल्पना पुढे आली.

संगणकाला शिकवायचे तर तज्ज्ञांनी खुणा केलेली उदाहरणे हवीत. तोपर्यंत संशोधकांच्या हाती असलेले बहुतेक संच परदेशी होते: फ्रान्समधील ‘मेसिडॉर’, नेदरलँड्समधील ‘ड्राइव्ह’. दृष्टिपटलाचा रंग वंशपरत्वे बदलतो, त्यामुळे युरोपीय डोळ्यांवर तयार झालेली प्रणाली मराठवाड्यातील रुग्णाचे छायाचित्र तितक्याच अचूकपणे वाचील, असे गृहीत धरता येत नाही. नांदेडच्या संचाचे महत्त्व येथे आहे. त्यातील प्रत्येक चित्र ४२८८ गुणिले २८४८, म्हणजे सुमारे एक कोटी २२ लाख बिंदूंचे असून प्रत्येकाला आजाराच्या तीव्रतेनुसार शून्य ते चार अशी श्रेणी दिलेली आहे. त्यांपैकी ८१ चित्रांमध्ये तर फुगवटे, रक्तस्राव, कठीण साके (पिवळे कण) आणि मऊ साके (पांढुरके डाग) यांच्या कडा बिंदू-बिंदूने आखून दिल्या आहेत. मोठ्या चित्रात जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा फुगवटा शोधायचा, तो बारीक रक्तस्रावापासून वेगळा ओळखायचा आणि त्याची सीमा आखायची, हे काम नेत्रवैद्यकाची नजर आणि अभियंत्याची साधने एकत्र आल्याखेरीज होत नाही. संचाची माहिती देणाऱ्या निबंधावर अभियंत्यांच्या जोडीने नेत्रतज्ज्ञांचीही नावे आहेत, ती यामुळेच.

एप्रिल २०१८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या वैद्यकीय प्रतिमाविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत याच संचावर स्पर्धा घेण्यात आली आणि निरनिराळ्या देशांतील गटांनी आपापल्या प्रणाली त्यावर पारखून घेतल्या. एकाच कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे आणि एकच आजार, ही या संचाची मर्यादा उघड होती. २०२१ साली याच गटाने प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या संचात ती पुष्कळशी दूर झाली: तीन प्रकारच्या कॅमेऱ्यांनी घेतलेली ३२०० चित्रे, आणि त्यांत दृष्टिपटलाच्या ४६ विकारांची वा अवस्थांची नोंद. गुणांच्या तक्त्यात अशा संचासाठी वेगळा रकाना नाही. गुण मिळतात ते त्याची माहिती देणाऱ्या निबंधाला, आणि तेही बहुलेखकांच्या नियमाने विभागून.

मानव्यविद्यांकडे वळल्यास लातूरचे चित्र याहून बोलके आहे. दयानंद महाविद्यालयात हिंदी शिकवणारे सूर्यनारायण रणसुभे यांनी लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन ‘उठाईगीर’ या नावाने हिंदीत नेले. ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. शरणकुमार लिंबाळे यांची ‘अक्करमाशी’ हिंदी वाचकांपर्यंत पोहोचली, तीही रणसुभे यांच्याच अनुवादातून. आजच्या तक्त्याने अशा एका अनुवादाची किंमत विज्ञानाच्या एका शोधनिबंधाएवढी ठरते, ही तुलना तक्ता करणाऱ्यांनाही फारशी पटू नये. नेमकी उलट वाट जनार्दन वाघमारे यांची. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते परिचित आहेत; परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकांना सविस्तर ओळख करून देणारे अभ्यासक, ही त्यांची बाजू परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या गाजावाजात मागे पडली.

कृषी विद्यापीठांचे नियम वेगळे असले, तरी एखादा वाण तयार होऊन शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या काळाचे गणित तेथे अधिकच कठीण असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात दिलेला ‘एनएचएच-४४’ हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे लोकप्रिय होता. संकरित बियाण्यासाठी आदल्या दिवशी कळीतील पुंकेसर हाताने काढून टाकावे लागतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलाच्या कुक्षीवर लावावे लागतात, आणि हेच हजारो कळ्यांवर करावे लागते. हे करणाऱ्या मजुरांची आणि क्षेत्रावरील कर्मचाऱ्यांची नावे कोणत्याही निबंधावर येत नाहीत.

२००२ साली बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. त्यानंतर बाजार खासगी कंपन्यांच्या संकरित बियाण्यांनी व्यापला आणि ‘एनएचएच-४४’सारखे बिगर-बीटी वाण मागे पडले. संकरित वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून शेतकऱ्याला दर हंगामात पाकीट विकत घ्यावे लागते. नांदेड केंद्राने विकसित केलेल्या ‘एनएच १९०१ बीटी’, ‘एनएच १९०२ बीटी’ आणि ‘एनएच १९०४ बीटी’ या सरळ वाणांकडे याच कारणाने पाहिले पाहिजे. सरळ वाण म्हणजे ज्याचे गुण पिढीगणिक टिकतात आणि ज्याचे बी शेतकरी स्वतः राखून पुन्हा पेरू शकतो, असा वाण. या तिन्ही वाणांची मध्य भारतासाठी शिफारस झाली आहे. मात्र शिफारस होणे आणि बी गावातल्या दुकानात मिळणे यांत बरेच अंतर असते: आधी पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित, अशा पायऱ्यांनी ते वाढवावे लागते, आणि प्रत्येक पायरीला एक हंगाम खर्ची पडतो. सरळ वाणाचे बी एकदा घेतलेला शेतकरी पुढच्या वर्षी गिऱ्हाईक राहीलच असे नाही, त्यामुळे खासगी विक्रेत्याला त्यात फारसा रस नसतो. ते बी पुरेशा प्रमाणात तयार करण्याचा भार विद्यापीठावर आणि महाबीजसारख्या सार्वजनिक यंत्रणेवरच येतो.