फोन कोणाचा, कर्ज कोणते?

गोष्ट दिवाळीनंतरची आहे. हरभरा उगवून आला होता आणि मर रोगाची पाहणी करायला मी आमच्या तालुक्यातील एका गावी गेलो होतो. पाहणी झाली, तात्यांच्या ओसरीवर चहा आला, तेवढ्यात फोन वाजला. तात्यांनी तो उचलला नाही, ज्वारीच्या कट्ट्याखाली सरकवला. दोन मिनिटांत पुन्हा वाजला. मग काकूंचा वाजला. मग शेजारचं पोरगं धावत आलं, "तात्या, माझ्या फोनवर तुमचंच नाव घ्यायलेत!" तात्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "सायेब, हरभऱ्याचं ऱ्हाऊ द्या. ह्याच्यावर काही औषध असंल तर सांगा."

कर्जवसुली हा माझा विषय नव्हे. पदविकेला असताना शेती पतपुरवठ्याचा धडा होता, तो परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. पण हल्ली बियाण्याची चौकशी एक येते, तर हप्त्याच्या फोनची दोन. म्हणून बँकेत आणि सहायक निबंधक कार्यालयात चकरा मारून जे समजून घेतले, ते इथे देतो.

आधी आम्ही वही काढली. सोसायटीचे पीक कर्ज ९० हजार. काकूंच्या नावावर महिला गटातून घेतलेले मायक्रोफायनान्सचे ४० हजार, पंधरा दिवसाला हप्ता. मोटारसायकलचे चार हप्ते थकलेले. आणि थोरल्या पोराने मोबाईलवरच्या ॲपवरून काढलेले ६ हजार, जे तात्यांना त्या दिवशीच समजले. पोरगं भिंतीला टेकून उभं होतं, कुणाकडे बघत नव्हतं.

सोयाबीनचे पैसे आले होते ३१ हजार. फोनच्या धास्तीने माल वाळवायलाही थांबले नाहीत, ओल जास्त म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला. त्या ३१ हजारांतले ११ हजार ॲपवाल्याने पोराकडून उकळले, ते पोराने घरातूनच नेले होते. बाकीचे गटाच्या आणि मोटारसायकलच्या हप्त्यात गेले. सोसायटीला एक रुपया नाही. का? तर "सोसायटीवाले फोन करत न्हाईत."

खरी मेख इथे आहे. ज्याचा फोन जास्त, त्याला पैसा आधी, असा आपला हिशेब होऊन बसला आहे. पीक कर्ज मुदतीत भरले तर केंद्राच्या सवलतीने ७ टक्क्यांचे व्याज ४ वर येते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचे कर्ज शून्य टक्क्यावर आले. मुदत चुकली की सवलत गेली. ९० हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे ६ हजार ३०० रुपये होतात. शिवाय थकबाकीदाराला पुढच्या खरिपाला नवे कर्ज मिळत नाही. मग बी-खतासाठी पुन्हा वीस-पंचवीस टक्क्यांचे गटाचे कर्ज आणि पुन्हा फोन. स्वस्त कर्ज गप्प बसते म्हणून मागे राहते आणि महाग कर्ज ओरडून पैसे नेते. तेव्हा हातात थोडेच पैसे असतील तर घरखर्च आणि रब्बीचा खर्च बाजूला काढा, मग सोसायटीचे बघा, आणि उरेल ते बाकीच्यांत वाटा. सगळ्यांना सारखे वाटू नका.

आता फोनचे. बंद ठेवू नका. बंद फोनमुळे माणूस दारात येतो. एकदा उचला आणि विचारा: तुमचे नाव काय, कुठल्या कंपनीचे, कर्जाचा खाते नंबर कोणता, आज बाकी किती? उत्तरे वहीत लिहा, तारीख-वेळ टाका. "उद्या भरतो" असे खोटे सांगू नका. उद्या तो त्याच वाक्यावर तुम्हाला धरतो. "अमुक महिन्यात अमुक रक्कम भरीन, अर्ज शाखेत देतो" एवढे बोलून ठेवा.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली याचे नियम घालून दिले. थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सला त्याहून कडक, ९ ते ६. सारखे सारखे फोन, शिवीगाळ, धमकी, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास, नाव जाहीर करणे, यातले काहीही चालत नाही. शेजारच्या पोराला आलेला तो फोन नियमात बसत नव्हता. दारात येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि कंपनीचे पत्र पाहिजे. गटाचा हप्ता ठरल्या ठिकाणी गोळा करायचा, तिथे लागोपाठ दोनदा कर्जदार आला नाही तरच घरी यायचे. काकूंना यातले कोणी सांगितले नव्हते. अर्थात गटातल्या बायांना मात्र नियम दाखवून भागत नाही. काकूंचा हप्ता त्यांना भरावा लागला तर त्यांचीही घरे आहेत. त्यांच्याशी समोर बसूनच बोलावे लागते.

"जेलात टाकू" ही धमकी सर्रास असते. पैसे नाहीत म्हणून हप्ता थकला, हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. मात्र चेक देऊन तो वटला नाही तर खटला होतो, म्हणून धास्तीपोटी कोरे चेक देऊ नका. "घर-बैल ओढून नेऊ" हेही तसेच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची अवजारे, पोटापाण्यासाठी लागणारी जनावरे आणि राहते घर हुकूमनाम्याच्या जप्तीतून वगळले आहे. तारण दिलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. मोटारसायकल कंपनीकडे तारण आहे, ती जाऊ शकते, हे तात्यांना मी स्पष्ट सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

कागद लागतो. शाखा व्यवस्थापकाच्या नावे साधा अर्ज करा: खाते नंबर, पीक किती गेले, आत्ता किती भरू शकतो, कधीपासून, आणि फोन ठरल्या वेळेतच करावेत. पंचनाम्याची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, ती दिल्याशिवाय उठू नका. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर बँक, फायनान्स कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. माहितीचा नंबर १४४४८. पतसंस्था असेल तर सहायक निबंधक. सावकार असेल तर परवाना विचारा. विनापरवाना सावकारीची तक्रार २०१४ च्या कायद्याने जिल्हा उपनिबंधकाकडे होते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

एक घोळ मला दोन-तीन गावांत दिसला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर शासनाने शेती कर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि पुनर्गठनाची सवलत दिली. ती पीक कर्जासाठी होती. काहींनी गाडीचे आणि गटाचे हप्तेही थांबवले आणि व्याज चढवून घेतले.

ॲपवाल्याशी वाटाघाट करू नका. मागे कुठली बँक वा नोंदणीकृत कंपनी आहे ते विचारा. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपची यादी जुलै २०२५ पासून संकेतस्थळावर ठेवली आहे. यादीत नसेल आणि फोटोची धमकी देत असेल तर १९३० वर आणि ठाण्यात तक्रार करा. ६ हजारांचे ११ देऊनही त्याचे संपले नव्हते. पोराला रागावू नका, एवढेच मी तात्यांना सांगितले. चार दिवस ते पोरगं जेवलं नव्हतं, हे काकूंनी मला चुलीपाशी सांगितले. अशा वेळी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, रात्रीही लागतो, बोलायला पैसे पडत नाहीत. मी तो वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिला.

मागच्या आठवड्यात हरभऱ्याला घाटे अळी दिसली म्हणून पुन्हा गेलो. गटाच्या कंपनीने हप्ता महिन्यावर आणून दिला आहे, रक्कम कमी केलेली नाही. मोटारसायकलवाल्यांचे उत्तर आलेले नाही, पोच मात्र आहे. सोसायटीत हरभऱ्याचे पैसे आधी भरायचे ठरले आहे. ॲपचे फोन तक्रारीनंतर थांबले. मी बसलो असतानाच फोन वाजला. काकूंनी पदराला हात पुसले, वही ओढली आणि म्हणाल्या, "नाव सांगा आधी. लिहून घ्यायचंय."